तो खोकला राहू द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका सद्गृहस्थांची तक्रार छापून आली. राजारामपुरीतल्या एका सभागृहात पाश्चात्त्य सिंफन्या ऐकवण्याचा जो कार्यक्रम झाला, त्याबद्दलची. संयोजकांनी लावलेलं ध्वनिमुद्रण स्टुडिओतलं नव्हतं, भर मैफिलीतलं होतं. त्यात तिकडचे श्रोते खोकत होते, खुर्च्या करकरत होत्या, मध्येच कुणाचं तरी काहीतरी टणकन खाली पडलं. ‘खोकलाच ऐकायचा तर तिकीट कशाला काढायचं, दवाखान्याच्या रांगेत बसलो असतो,’ असं त्यांनी लिहिलंय. पुढच्या वेळी ‘स्वच्छ’ ध्वनिमुद्रण लावावं, ही त्यांची मागणी.

मीही त्या संध्याकाळी तिथेच होतो. डावीकडे, मागून तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली. पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला, म्हणून हे लिहितोय. थोडं लांबेल. कात्री तुमच्या हातात आहे, पण विषयच कात्रीचा आहे एवढं ध्यानात असू द्या.

आधी माझी ओळख. मी ३४ वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. आमच्यात त्याला क्लॅरोनेट म्हणतात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात मिळतील ते बूट. महाद्वार रोडपासून गंगावेशीपर्यंत असा एक बोळ नसेल जिथे मी वरातीपुढे उलटं चाललो नाही. आमचे मास्तर पलटणीच्या बँडमधून निवृत्त होऊन आलेले. बाकीचे बँडवाले सिनेमाची गाणी कानानं उचलायचे. आमच्या मास्तरांनी मात्र आम्हाला कागदावरचं नोटेशन वाचायला शिकवलं. छडी घेऊन शिकवलं. त्यामुळे सातवी नापास झालेल्या या माणसाला त्या पाच रेघांची भाषा येते, आणि तिच्यापायीच त्या संध्याकाळी दोनशे रुपये भरून मी राजारामपुरीत जाऊन बसलो.

घरातून निघताना बायकोनं विचारलं, ‘कुठं निघाला?’ म्हटलं, ऑर्केस्ट्रा ऐकायला. ‘गाणारी कोण आहे?’ तिचं काही चुकलं नाही. कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला. एक निवेदक, एक ऑक्टोपॅड, एक मुकेशचा आवाज आणि शेवटी पोरांची नाचायची फर्माईश. जिथे गाणारं कुणीच नाही, ऐंशी-नव्वद माणसं नुसती वाजवतात आणि त्यांच्याकडे पाठ नाही तर तोंड करून एक माणूस नुसता हात हलवतो, तो ऑर्केस्ट्रा तिला समजावून सांगेपर्यंत बस गेली असती.

कार्यक्रमात दोन सिंफन्या होत्या. सिंफनी म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली लांब रचना, बहुतेकदा चार भागांची. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची सहावी आणि चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी. दोन्ही १८९३ च्या. पहिली २८ ऑक्टोबरला सेंट पीटर्सबर्गमध्ये खुद्द चायकोव्हस्कीच्या हाताखाली वाजली आणि त्यानंतर नऊ दिवसांनी तो वारला. दुसरी १६ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये. मध्ये फक्त ४९ दिवस. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांचं राज्यारोहण २ एप्रिल १८९४ चं, म्हणजे तो हिवाळा संपून उन्हाळा लागताना. गाण्याबजावण्याचा आपला देवल क्लब तेव्हा दहा वर्षांचा होऊन गेला होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सिंफनी म्हटलं की आपल्या लोकांना काहीतरी टोपवाल्या साहेबांचं, आपल्याशी संबंध नसलेलं वाटतं. जग तेच होतं, साल तेच होतं.

आता तो खोकला. कुठे आला, हे पत्रलेखकांनी लिहिलेलं नाही. मी सांगतो.

चायकोव्हस्कीच्या सहावीच्या पहिल्या भागात, साधारण मध्यावर, एक फार सुंदर चाल येऊन जाते. आधी व्हायोलिनं ती वाजवतात, पुढे भाग विझत विझत येतो आणि शेवटी ती चाल एकट्या क्लॅरिनेटकडे येते. खाली खाली उतरत जाते. त्यांच्या लिपीत हळू वाजवा म्हणून पी हे अक्षर लिहितात. एक पी म्हणजे हळू, दोन म्हणजे फार हळू. चायकोव्हस्कीनं त्या ठिकाणी शेवटच्या चार सुरांवर सहा पी लिहिलेत. सहा! आमच्या मास्तरांच्या वहीत एक पी दिसला तरी आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसायचो, कारण वरातीत हळू वाजवणाऱ्याला बिदागी कोण देणार? ते चार सूर त्यानं लिहिलेत बसून नावाच्या लांबलचक, खर्जातल्या फुंकवाद्यासाठी. पण बसूनला तेवढ्या खालच्या पट्टीत तेवढं हळू निघणं फार अवघड, म्हणून बहुतेक कंडक्टर, म्हणजे ते हात हलवणारे, ते सूर बेस क्लॅरिनेटला देतात, म्हणजे माझ्याच वाद्याच्या थोरल्या भावाला. क्लॅरिनेटची ती एक खुबी आहे. फुंकर जवळजवळ बंद केली तरी सूर मोडत नाही, नुसता धुरासारखा विरत जातो. पण त्यासाठी पोटातला दम असा धरून ठेवावा लागतो की बरगड्या दुखतात.

तिथे तो माणूस खोकला.

मी डोळे मिटून ऐकत होतो. खोकला आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला, खोटं सांगत नाही. का? कारण तोपर्यंत तो सूर किती हळू आहे ते मला कळलंच नव्हतं. संयोजकांनी बटण फिरवून आवाज वाढवून ठेवला होता, त्यामुळे हळूपण गेलं होतं. खोकला आला तेव्हा माप मिळालं. दाबून धरलेला, रुमालात कोंबलेला खोकला होता तो, आणि तरी सुरापेक्षा मोठा होता. म्हणजे तो क्लॅरिनेटवाला तिथे दोन हजार माणसांत एका माणसाच्या खोकल्याहून हळू वाजवत होता, आणि डगमगला नाही. नंतर त्या खोकल्याचा पडसाद ऐका. तो वर गेला, कुठे तरी उंच छताला लागला आणि परत आला. तेवढ्यावरून मला त्या सभागृहाची उंची कळली. स्टुडिओत हे मिळत नाही.

त्यानंतर लगेच काय होतं हे ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. विझलेल्या राखेत कुणीतरी रॉकेल ओतावं तसा अख्खा वाद्यवृंद दाणकन कोसळतो. ध्वनिमुद्रणातसुद्धा श्रोत्यांच्या खुर्च्या वाजल्या, माणसं दचकली. आणि आपल्याकडे? आवाज वाढवून ठेवलेला असल्यामुळे उजवा स्पीकर भुंकला, पुढच्या रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं आणि साउंडवाल्या पोरानं घाईनं बटण पार खाली फिरवलं. मग वादळ आलं ते ट्रांझिस्टरमधून आल्यासारखं. पत्रलेखकांनी तक्रार करायचीच होती तर याची करायला हवी होती. हळू ते हळू, मोठं ते मोठं, मधे बटणाला हात लावायचा नाही. एवढं जरी पाळलं तरी दोनशे रुपये वसूल.

दुसरा भाग पाच मात्रांचा. तिकडे हा ताल नवलाचा म्हणून सांगतात, लंगडा वॉल्ट्झ म्हणतात, कारण वॉल्ट्झ हा त्यांचा नाच तीन मात्रांचा. माझ्या शेजारी बसलेले एक तबलजी मांडीवर धी ना, धी धी ना करत आरामात बसले होते. अर्ध्या आवर्तनाचा झपताल, दोन आणि तीन. त्यांना त्यात काहीच लंगडं वाटलं नाही.

मग तिसरा भाग, आणि तिथे आपली फजिती झाली. हा भाग मार्चसारखा आहे, पुढे पुढे चढतच जातो, आणि शेवटी असा काही धडाका करून थांबतो की कुणालाही वाटावं, संपलं. तिकडचे श्रोतेही फसतात. या ध्वनिमुद्रणात टाळ्या पडल्याच. झालं, आपले संयोजकही फसले. त्यांनी तबकडी थांबवली, दिवे लावले आणि ‘चहाची व्यवस्था बाहेर केलेली आहे’ असं जाहीर केलं. लोक उठले, चपला घातल्या. मी ओरडून सांगत होतो, अहो, अजून एक भाग आहे! कोण ऐकतो. वीस मिनिटांनी वेफर्सच्या पुड्या वाजवत मंडळी परत आली तेव्हा चौथा भाग लागला. त्या भागाला चायकोव्हस्कीनं शब्द वापरलाय विलापाचा. टाळ्यांचा आवाज कानात असतानाच तो विलाप सुरू व्हावा, ही सगळी मांडणी आहे. टाळ्या वाजवणाऱ्याला लाज वाटावी, हात तसेच अर्धवट राहावेत. ज्या ध्वनिमुद्रणात त्या फसव्या टाळ्या आहेत ते सोन्यासारखं. स्टुडिओत कोण फसणार?

त्या विलापाच्या सुरुवातीची एक गंमत बँडवाल्यालाच जास्त भावेल. पहिली चाल आपल्याला अगदी सरळ उतरत येणारी ऐकू येते. पण ती कुणीच वाजवत नाही! एक सूर पहिली व्हायोलिनं वाजवतात, पुढचा सूर दुसरी, पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. एकेका रांगेसमोरचा कागद पाहिला तर नुसत्या वेड्यावाकड्या उड्या दिसतात. चाल जुळते ती ऐकणाऱ्याच्या कानात. आम्ही वरातीत असा दम वाटून घ्यायचो. दोन ट्रंपेटवाले, एक श्वास घेईल तेव्हा दुसरा सूर धरेल. आमची ती गरज होती, चायकोव्हस्कीनं ती हौसेनं केली. त्या काळी पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि दुसरी उजवीकडे समोरासमोर बसवत, म्हणजे एकच चाल या कानातून त्या कानात झुलत असणार. आपल्याकडे उजवा स्पीकर आधीच गेलेला. निम्मे सूर दोनशे रुपयांत नव्हते.

टाळ्यांवरून आठवलं. पत्रलेखकांनी असंही लिहिलंय की तिकडचे लोक शिस्तीचे, मध्ये हूं की चूं करत नाहीत, मग या ध्वनिमुद्रणातले श्रोते असे कसे? ही शिस्त अलीकडची आहे हो. एकोणिसाव्या शतकात लोक भागाभागाला टाळ्या वाजवायचे. १८१३ च्या डिसेंबरात व्हिएन्नात बेथोवनची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा तिचा दुसरा भाग लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवून घेतला होता. म्हणजे वन्स मोअर! संगीत नाटकाला एकेका पदाला वन्स मोअर घेणाऱ्या कोल्हापूरकराला हे सांगावं लागू नये.

आणि आपण गाणं कसं ऐकतो? मैफिलीचं रेकॉर्डिंग मिळालं की त्यात तबला लावतानाची ठाकठूक असते, पेटीवाल्याचं हूं असतं, पहिल्या रांगेतून ‘क्या बात है’ येतं, कुणीतरी पान थुंकायला उठतं. आपण त्यावर कधी चिडलो का? उलट वाहवा कुठे पडली ते ऐकून आपण पुन्हा मागे जाऊन ती जागा ऐकतो. अल्लादिया खाँसाहेब या गावच्या दरबारात गायले, त्यांच्यामुळे या गावाचं नाव गाण्याच्या नकाशावर लागलं, आणि त्यांनी आपला आवाज तबकडीवर दिला नाही. उद्या जुन्या वाड्यातल्या एखाद्या ट्रंकेत त्यांच्या गाण्याचं पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण सापडलं आणि त्यात सगळा दरबार पाळीपाळीनं खोकत असला, तर आपण तो खोकला पुसायला बसू की उदबत्ती लावून ऐकू?

आता माझं स्वतःचं एक दुखणं सांगतो, त्याशिवाय मी एवढा का पेटलोय हे कळणार नाही.

नव्वदच्या सुमाराला लग्नांत व्हिडिओ शूटिंग आलं. आम्हाला कोण आनंद! तोवर आमचं वाजवणं वाऱ्यावर जायचं, आता पेटीत राहील. शाहूपुरीतल्या एका मोठ्या लग्नात मी एक तुकडा वाजवला होता. वरात मांडवाच्या दारात आली, नवरा घोड्यावरून उतरायला तयार नाही, करवल्या हसतायत, आणि मास्तरांनी मला बोटानं खूण केली, की एकटा वाजव. मी जवळजवळ चार मिनिटं वाजवलं. एका ठिकाणी रीड अडकली आणि चीं झालं, थंडीचे दिवस होते. पण तेवढं सोडलं तर तसं मी पुन्हा कधी वाजवलं नाही. पुढे महिनाभर त्या घरी खेटे घातले. शेवटी त्यांनी कॅसेट लावून दाखवली. सगळं होतं. घोडा होता, करवल्या होत्या, माझे फुगलेले गाल होते, बोटं पळत होती. आणि आवाज? सिनेमातलं गाणं! शूटिंगवाल्यानं मांडवातला आवाज पुसून वर मुंबईच्या स्टुडिओतलं गाणं चिकटवलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, ‘काका, गलका फार होता, लोक बोलत होते, स्वच्छ करून दिलंय.’

स्वच्छ! पत्रलेखकांचा शब्द वाचून मला तोच पोरगा आठवला. ३४ वर्षं मी या गावात वाजवलं आणि माझ्या क्लॅरोनेटचं एक मिनिट कुठं शिल्लक नाही. गावात शेकडो कॅसेटींवर माझे गाल मात्र आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लाइव्ह म्हणून जे विकलं जातं ते सगळंच एका बैठकीचं नसतं. मोठ्या कंपन्या बहुतेकदा दोन-तीन रात्रींच्या मैफिली ध्वनिमुद्रित करतात आणि चांगलं चांगलं निवडून जोडतात. कुठे फारच बिघडलं असेल, तर श्रोते गेल्यावर वादकांना थांबवून तेवढा तुकडा पुन्हा वाजवून घेतात. टाळ्याही पुष्कळदा कापतात. लेनर्ड बर्नस्टाइन या अमेरिकन कंडक्टरनं १९८१-८२ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून जर्मन संगीतकार ब्राम्सच्या चारही सिंफन्या अशा मैफिलींतून ध्वनिमुद्रित केल्या. मला याचा राग नाही. शिवण असली तरी कापड तिथलंच आहे. समोर माणसं बसलेली असताना वाजवणं आणि काचेपलीकडे एक इंजिनिअर बसलेला असताना वाजवणं, यात जो फरक पडतो तो शिवणीनं जात नाही.

त्याच बर्नस्टाइननं १९८६ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर चायकोव्हस्कीची सहावी केली, तीही मैफिलीत. तिचा शेवटचा भाग इतर लोक दहा-अकरा मिनिटांत वाजवतात. याला सतरा मिनिटं लागतात. भाच्यानं पुण्याहून पाठवलेली ती सीडी पहिल्यांदा लावली तेव्हा मी चिडून बंद केली. अंत्ययात्रासुद्धा इतकी हळू चालत नाही, आणि मी शेकडो अंत्ययात्रांपुढे चाललोय. दुसऱ्यांदा ऐकताना वाटलं, स्टुडिओत एवढं धाडस झालं असतं का? कुणीतरी घड्याळ दाखवलं असतं. समोरच्या माणसांनी श्वास धरलाय हे पाठीला कळल्याशिवाय माणूस इतका सावकाश जाऊ शकत नाही. मला तो वेग आजही पटत नाही. पण खरा आहे.

जागेबद्दल एक बोलायचं राहिलं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी खासबागेच्या बाजूला उभा राहून पाहत होतो. शेजारी सगळे रडत होते, मी रडलो नाही, मी लाकूड मोजत होतो. कारण नाट्यगृहाचा आवाज त्याच्या लाकडात असतो. पुन्हा बांधलेली इमारत चांगलीच असेल, अगदी तशीच दिसेल. पण तो आवाज? माझ्याकडे एक कॅसेट आहे. त्या नाट्यगृहात झालेल्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात मी वरच्या सज्जात टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसलो होतो. गाणं लांबून येतं, अस्पष्ट आहे. पण खुर्च्या मिटल्याचे आवाज आहेत, कुणाच्या तरी बांगड्या आहेत, आणि खोकला आहे. दोन वेळा, खालून, उजवीकडून. तो खोकला भिंतीला लागतो, छताला लागतो आणि परत येतो. जुनं केशवराव भोसले माझ्याकडे आहे ते तेवढंच. गायिकेचा आवाज तुम्हाला तिच्या कंपनीच्या तबकडीवर दहापट चांगला मिळेल, त्यात नाट्यगृह मिळणार नाही.

असंच एक ध्वनिमुद्रण परदेशातलं. सिंफनी नाही ती, चेक संगीतकार स्मेतानाच्या सहा स्वरकाव्यांची ‘माझी मातृभूमी’ आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. राफाएल कुबेलिक हा चेक कंडक्टर १९४८ मध्ये कम्युनिस्टांचं राज्य आलं तेव्हा देश सोडून गेला. राज्य गेलं तेव्हा, १२ मे १९९० ला, ४२ वर्षांनी, तो प्रागमध्ये परत उभा राहिला आणि चेक फिलहार्मोनिकबरोबर हेच वाजवलं. म्हातारा झाला होता, खरं तर निवृत्तही झाला होता. ते ध्वनिमुद्रण आहे. त्यातला दुसरा भाग व्लतावा नदीचा. दोन झऱ्यांपासून सुरू होतो; पहिला झरा बासऱ्यांचा, मग दुसरा येऊन मिळतो तो क्लॅरिनेटचा. मी तो भाग लावला की मला प्रयाग चिखलीचा संगम दिसतो, पाणी पाण्याला मिळताना आवाज करत नाही तसा. याच माणसानं हीच रचना स्टुडिओतही केलेली आहे, आणि ती उत्तम आहे. तुम्ही कुठली ऐकाल?

आता द्वोर्झाक, थोडक्यात, कारण त्या संध्याकाळी चहाच्या घोळात तो निम्माच ऐकायला मिळाला आणि नंतर सभागृहाची वेळ संपली. बोहेमियातल्या खेड्यातला हा माणूस, बापाचं खाटिकाचं दुकान आणि खानावळ. न्यूयॉर्कच्या संगीत विद्यालयाचा संचालक म्हणून गेला आणि तिथे ही सिंफनी लिहिली. तिचा दुसरा भाग, लार्गो म्हणजे अगदी संथ, त्यातली इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्याची चाल आमच्या मास्तरांनी बँडसाठी उतरवली होती. मला क्लॅरोनेटवर दिली होती. आम्ही ती अंत्ययात्रेत वाजवायचो. पंचगंगेच्या घाटाकडे वळताना. लोकांना वाटायचं, कुठलं तरी जुनं भजन आहे. एका म्हातारीनं मला थांबवून विचारलं होतं, ‘तुकारामाचं का रे?’ मी हो म्हणालो. मास्तरही काही बोलले नाहीत.

या सिंफनीत ट्युबावाला, म्हणजे सगळ्यात मोठं पितळी वाद्य फुंकणारा, फक्त त्या लार्गोत वाजवतो, थोडेसे सूर, आणि बाकी सगळा वेळ मांडीवर ते धूड घेऊन बसतो. आणि झांज. अख्ख्या सिंफनीत, चाळीस-बेचाळीस मिनिटांत, झांजेचा एकच टोला आहे. शेवटच्या भागात. तोसुद्धा मोठा नाही. आमच्या शिवजयंतीच्या झांजपथकातल्या पोरांना मी हे सांगितलं तर ती हसून लोळली. एका मिनिटात त्यांचे शंभर टोले होतात. पण तुम्ही त्या झांजवाल्याची कल्पना करा. कोट घालून, हातात झांजा घेऊन, मात्रा मोजत बसलाय. एक मात्रा चुकली तर रात्र गेली, दुसरी संधी नाही. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीत ट्रॉम्बोनवाले तीन भाग असेच गप्प बसतात, आणि चौथ्यात त्यांना पहिलाच प्रवेश हळुवार आणि वरच्या सुरात करायचा असतो. फुंकून वाजवणाऱ्यालाच त्याची भीती कळेल. पितळ गार झालेलं, ओठ वाळलेले. गार वाद्याचा सूर उतरतो. पौषातल्या पहाटेच्या मुहूर्ताला आम्ही क्लॅरोनेट कोटाच्या आत काखेत धरून उभे राहायचो, आवाज न करता आत गरम फुंकर सोडत राहायचो, मास्तरांची खूण होईपर्यंत. स्टुडिओत तो प्रवेश चुकला तर ‘पुन्हा घेऊ’ म्हणतात. मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात तो सूर लागायच्या आधी कान दिलात तर शांततेतसुद्धा ती भीती ऐकू येते. आणि एवढी माणसं एवढी शांत बसली आहेत हे तुम्हाला कळणार कशावरून? कुणाला तरी खोकला आवरला नाही, यावरूनच.

तेव्हा संयोजकांना माझी विनंती एवढीच, की ध्वनिमुद्रण मैफिलीतलंच लावा, स्पीकर दुरुस्त करून घ्या, बटणापाशी बसलेल्या पोराला आधी चहा पाजून त्याचे हात मोकळे ठेवा, आणि भाग किती आहेत ते कागदावर लिहून त्याच्यासमोर चिकटवा. चार. चौथा झाल्याशिवाय दिवा लावायचा नाही.

आणि पत्रलेखक सद्गृहस्थांनी पुढच्या कार्यक्रमाला जरूर यावं. राहिलेला द्वोर्झाक लावणार आहेत असं ऐकतो. मी डावीकडे, मागून तिसऱ्या रांगेत असेन. शेजारची खुर्ची धरून ठेवतो. झांजेचा टोला कुठे येतो ते मी आधी सांगणार नाही, फक्त यायच्या जरा आधी तुमच्या मनगटाला हात लावीन. खिशात ज्येष्ठमधाची कांडी असते माझ्या, जुनी सवय. अर्धी तुम्हाला. तिकडच्या खोकणाऱ्याला द्यायला आता उशीर झालाय.

आपला,
बँडमधला एक जुना क्लॅरोनेटवाला
मंगळवार पेठ, कोल्हापूर